शेवाळाचं तेल अन् आनंदरावांचा बडग्या

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावावर जी हिरवी घाण तरंगते तिच्यातून जळण निघतं, हे वाक्य आनंदराव निमजे प्रयोगशाळेत मोठ्याने बोलले आणि तिथेच सगळं बिघडलं. वाक्य खरं होतं. पण खरं वाक्य कोणी बोलायचं, याचेही आपल्याकडे नियम आहेत. प्राध्यापक बोलला की तो शोध, अन् बाटल्या धुणारा बोलला की तो आगाऊपणा. आनंदराव त्या कॉलेजात बावीस वर्षं बाटल्या धूत होते.

चौऱ्याहत्तर साल होतं. घासलेटासाठी रेशनच्या दुकानासमोर पहाटेपासून डबे रांगेत बसत, माणसं मागून येत. विभागप्रमुख मनोहरराव बक्षी यांच्या घरचा डबाही त्या दिवशी रिकामाच परत आला होता, म्हणून सर टेबलावर मुठी आपटत होते. आनंदराव पाण्याचा ग्लास ठेवायला गेले आणि म्हणाले, "सर, शेवाळ शिजवून त्यातलं तेल द्रावकानं काढता येते. जर्नलमधी हाय."

ते जर्नल विलायतेहून येई आणि त्याची कडेला जोडलेली पानं कापायचीही तसदी कोणी प्राध्यापक घेत नसे. धूळ झटकायच्या निमित्ताने आनंदराव ती पट्टीने कापत आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत. अख्ख्या विभागात ते जर्नल वाचणारा हा एकटा माणूस, आणि पगाराच्या कागदावर त्याचा हुद्दा 'परिचर'.

बक्षी सर हसले. मग बाकीचे हसले, कारण सर हसले होते.

"निमजे, तुम्ही बाटल्या धुता. सुरेख धुता. तेच करा."

एरवी आनंदराव मान खाली घालून गेले असते. पण बावीस वर्षांचं साबणाचं पाणी त्या क्षणी त्यांच्या डोक्यात चढलं. "पोळ्यापर्यंत शेवाळाच्या तेलावर दिवा लावून दाखवतो, सर. नाही लावला तर या प्रयोगशाळेत पुन्हा तोंड उघडणार नाही."

"ठरलं," सर म्हणाले, आणि सरांना इतका आनंद झाला की त्यांनी चक्क आनंदरावांशी हात मिळवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पोळ्याला एक महिना होता.

कृती कागदावर सोपी होती. कागदावर सगळंच सोपं असतं, म्हणून तर सरकार कागदावर चालतं. शेवाळ आणायचं, पाण्यासकट कुकरमध्ये घालायचं, शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊन त्याचा काळाहिरवा रस्सा करायचा. त्या रश्शात तेल असतं, पण पाण्यात विखुरलेलं. मग त्यात पांढरं पेट्रोल ओतून घुसळायचं. पेट्रोलाला पाण्याशी पटत नाही, तेलाशी पटतं. ते तेलाला आपल्यात ओढून घेऊन वर तरंगतं. वरचा थर काढून घ्यायचा, गरम पाण्यावर ठेवून पेट्रोल उडवायचं, गार नळीतून परत धरायचं. खाली उरेल ते तेल.

पहिली अडचण शेवाळाची. तलाव समोर, शेवाळ समोर, पण आनंदराव पडले कायद्याचे माणूस. बादली घेऊन सरळ उतरायचं सोडून परवानगी मागायला एका मोठ्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूने चष्मा वर करून विचारलं, "शेवाळ म्हणजे काय? भाजी का घाण?"

"म्हणजे?"

"भाजी असन तर बगीचा खातं, पहिला मजला. घाण असन तर आरोग्य खातं, मागची इमारत. अन् मासा असन तर ते आपल्याकडं नाहीच."

बगीचा खात्याने सांगितलं, जमिनीत उगवतं ते आमचं. आरोग्य खात्याने सांगितलं, घाण आहे असं लेखी मान्य केलं तर ती काढण्याची जबाबदारी आमच्यावर येईल, म्हणून ती घाण नाही. चार दिवस अर्धी रजा टाकून आनंदराव जिने चढले. पाचव्या दिवशी पहिल्याच बाबूला त्यांची दया आली. तो म्हणाला, "काहून जीव काढून राहिले गा स्वतःचा? सकाळी जा अन् बादली भरून आणा. आजपर्यंत कोणी शेवाळ चोरलं नाही, म्हणून त्याच्यावर कलमच नाही." सरकारी कचेरीत मिळालेला हा एकमेव शहाणपणाचा सल्ला, आणि तोही तोंडी.

दुसरी अडचण कुकरची. तो सिंधूताईंच्या माहेरचा होता. आनंदरावांनी अंगणात तीन विटा मांडून त्यात पहिली बादली शिजवली तेव्हा वास असा सुटला की शेजारच्या कौलावरची मांजरं आधी धावत आली आणि मग त्याहून जोरात धावत गेली.

"अवं माय," सिंधूताई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "आता यात वरण कसं लावू मी? घास घेतला की तलावात उतरल्यासारखं वाटन!"

"घासून देतो ना. बावीस वर्षं काय केलं मी?"

घासला. राखेने, चिंचेने, प्रयोगशाळेतल्या सोड्याने. त्या रात्रीच्या वरणात तलाव होताच.

शेजारी गोपाळराव रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. वीस वर्षं दुसऱ्याची पोती मोजून त्यांना प्रत्येक कामात बोट घालायची सवय लागली होती. मोहल्ल्याच्या मंडळाचे अध्यक्षही तेच, आणि मिशी अशी भरघोस की अध्यक्ष व्हायला तेवढं पुरेसं होतं. ते रोज कुंपणावर कोपर टेकून उभे राहत.

"आनंदराव, शेण टाका गा त्याच्यात. गॅस वाढते."

"मले गॅस नाही पायजे, गोपाळराव. तेल पायजे."

"मग एरंडी टाका. एरंडीत लय तेल असते."

"मग ते एरंडीचं तेल होईन ना!"

"तेलाले कोण जात पुसते?" गोपाळराव म्हणाले. आनंदराव कुकर उचलून आत गेले.

तिसरी अडचण द्रावकाची, म्हणजे तेल ओढून घेणाऱ्या त्या पेट्रोलाची. विलायती द्रावक प्रयोगशाळेच्या कपाटात होतं आणि पैज लागल्यापासून कपाटाची किल्ली बक्षी सरांच्या खिशात होती. तेव्हा आनंदराव इतवारीत ओमप्रकाश ड्रायक्लीनरकडे गेले. गरम कोट धुवायचं पांढरं पेट्रोल त्याला सरकारी कोट्यावर मिळे. ओमप्रकाशने सगळं ऐकून घेतलं, दोनदा कान खाजवला आणि पाच लिटरचा डबा काढला.

"देखो भाईसाब, तेल आपका, पेट्रोल मेरा. वापस पाहिजे. एकदम साफ. शादी का सीझन आनेवाला है, दूल्ह्याच्या सुटाले तलावाचा वास आला तर मेरी दुकान बंद."

"वापसच येते. त्यालेच तर पद्धत म्हणतात."

"पद्धत-विद्धत नहीं पता. डब्बा पहचानता हूँ मैं."

डबा घरी आला आणि आनंदरावांनी फर्मान काढलं: पेट्रोल घरात आहे तोवर चूल नाही, शेगडी नाही, उदबत्ती नाही, देवापुढे समईसुद्धा नाही. शास्त्र म्हणून ते शंभर टक्के बरोबर होतं. पण घरात त्याचा अर्थ वेगळा निघाला.

"म्हणजे जळण काढाले बसले अन् घरातली चूलच बंद!" सिंधूताई म्हणाल्या. "असं जळण तर मी बिनाशेवाळाचंही वाचवलं असतं."

दही-पोहे, भिजवलेली डाळ, चिवडा, पुन्हा दही-पोहे. आनंदरावांची आई तुळसाबाई, वय पंच्याहत्तर, चार दिवस पोह्यांकडे पाहून नुसतं देवाचं नाव घेई.

आता सगळ्यात मोठं संकट. रश्शात पेट्रोल घालून आनंदरावांनी पत्र्याचा मोठा डबा अर्धा तास घुसळला आणि ठेवून दिला. वर पेट्रोल, खाली पाणी, असे दोन थर दिसायला हवे होते. दिसलं काय? वर बोटभर पेट्रोल, खाली चार बोटं पाणी आणि मध्ये हा एवढा जाड, फेसाळ, हिरवट गोळा. साय नाही, लोणी नाही, ताक नाही. तेल त्याच्यात अडकून बसलं होतं. एक दिवस ठेवलं. हललं नाही. डबा तिरपा केला, गोंजारला, त्याला शिव्याही दिल्या. तीन दिवस झाले तरी गोळा तसाच. एखाद्या कचेरीतल्या मधल्या अधिकाऱ्यासारखा: वरच्यालाही सोडेना, खालच्यालाही.

आनंदराव डब्यापुढे डोकं धरून बसले. पोळ्याला नऊ दिवस होते. बक्षी सर रोज "काय निमजे, दिवा?" एवढंच विचारत, आणि त्या तीन शब्दांनी दिवसभर जेवण जात नसे.

"दृष्ट लागली," तुळसाबाई म्हणाली.

"बाई, याले दृष्ट म्हणत नाहीत," आनंदराव म्हणाले. आईला ते बाईच म्हणत.

"मग काय म्हणतात?"

आनंदरावांना शब्द माहीत होता, पण त्या शब्दाने गोळा फुटत नव्हता.

"तो गोपाळराव दिवसभर कुंपणावरून टकमक पाहून राहिला. त्याची नजर म्हशीचं दूध आटवते," म्हणत म्हातारी उठली. मुठीत मीठ घेतलं, मोहरी घेतली, दोन लाल मिरच्या घेतल्या, डब्यावरून सात वेळा उतरवलं. आणि मग थांबली. उतरवलेलं मीठमिरची चुलीत टाकायचं असतं. मिरचीचा ठसका लागला नाही की समजायचं दृष्ट होती. पण चूल सात दिवस गार पडलेली.

"आता हे कुठी टाकू? लेकानं घरातला अग्नीच बंद केला!" असं म्हणून म्हातारीने रागाने सगळी मूठ डब्यातच टाकली.

आनंदराव ओरडले. मग ओरडता ओरडता थांबले. गोळ्याच्या कडेला एक चीर गेली. मग दुसरी. दहा मिनिटांत तो तीन दिवसांचा हट्टी गोळा असा विरघळला की जणू कोणी त्याची बदलीच केली. खाली खारट गढूळ पाणी, वर स्वच्छ, सोनेरी-हिरवा थर, आणि त्यावर दोन लाल मिरच्या तरंगत होत्या.

"मिठानं!" आनंदराव म्हणाले. "बाई, मिठानं पाणी जड झालं, म्हणून..."

"मिठानं नाही, दृष्टीनं. मिरचीचा ठसका आला का? नाही ना आला?"

चूलच पेटली नव्हती तर ठसका येणार कुठून, हे आनंदरावांनी सांगितलं नाही. म्हातारीने त्यांना वाचवलं होतं आणि वाचवणाऱ्याशी वाद घालू नये, एवढं त्यांना जर्नल न वाचताही कळत होतं.

इथे गोष्ट सुखाने संपली असती, जर गोपाळराव जगात नसते.

वरच्या थरातून पेट्रोल अजून उडवायचं बाकी होतं. आनंदराव इतवारीत तांब्याची नळी आणायला गेले. तेवढ्यात गोपाळरावांनी कुंपणावरून तो सोनेरी थर पाहिला, त्यांना तेल झालं असं वाटलं, आणि मंडळाचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी संध्याकाळी पाच वाजता 'प्रात्यक्षिक' जाहीर करून टाकलं. पोरांकरवी बक्षी सरांनाही निरोप गेला. आनंदराव नळी खांद्यावर घेऊन गल्लीत शिरले तेव्हा अंगणात चाळीस माणसं, बाकावर बक्षी सर, आणि मध्ये गोपाळराव हातात चिमणीचा दिवा घेऊन. डबा परत मागायला आलेला ओमप्रकाशही गर्दीत.

"थांबा! ते अजून तेल नाही—"

"लाजू नका गा, आनंदराव!" गोपाळरावांनी चिमणी भरली आणि काडी ओढली.

भक्! ज्वाळा हातभर वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गोपाळरावांनी चिमणी फेकली, आणि तोंडावरून हात काढला तेव्हा डावीकडची मिशी गेलेली होती. उजवीकडची मात्र अध्यक्षपदाला शोभेल अशी जागच्या जागी.

ओमप्रकाशने नाक वर केलं, हुंगलं, आणि ओरडला, "अरे, ये तो मेरा माल है!"

बक्षी सर बाकावरून उठले. "निमजे, ओमप्रकाशजींच्या पेट्रोलवर दिवा लावायची पैज नव्हती," असं म्हणून छत्री टेकत गेले. चाळीस माणसं हसली. ज्यांना पैज काय होती हे माहीत नव्हतं ती जास्त हसली.

आनंदरावांना ओरडून सांगायचं होतं की अजून एक पायरी बाकी होती. पण अपमान झालेल्या माणसाचं 'अजून एक पायरी बाकी होती' कोण ऐकतं? जगातल्या सगळ्या नापास माणसांचं हेच म्हणणं असतं.

तरी ते हटले नाहीत. मोहल्ल्याच्या टोकाला शेगडी पेटवून पाणी तापवायचं, बादल्यांनी घरी आणायचं, त्यात डबा ठेवायचा, तांब्याची नळी गार पाण्यातून फिरवायची. विस्तव तिकडे, पेट्रोल इकडे, मध्ये आनंदराव बादली घेऊन धावताहेत, असे सहा दिवस. पेट्रोल थेंब-थेंब परत आलं. ओमप्रकाशने ते रुमालावर घेऊन हुंगलं आणि कबूल केलं, "साफ है. चार लिटर. बाकी गोपाळरावच्या मिशी में गया."

आणि डब्याच्या तळाशी उरलं शेवाळाचं तेल. खोकल्याच्या औषधाची एक छोटी बाटली भरेल एवढं. काळं, दाट, काकवीसारखं. आनंदरावांनी ती बाटली उजेडात धरली आणि त्यांना वाटलं, बावीस वर्षांत धुतलेल्या सगळ्या बाटल्यांत हीच एक भरलेली.

पोळ्याच्या संध्याकाळी, तोरण तोडून बैल सुटल्यावर, त्यांनी पणतीत थोडं तेल घातलं, वात लावली, काडी धरली. वात चुरचुरली. काळी झाली. विझली. दुसरी काडी. तिसरी. तेल इतकं दाट की वातीतून वर चढेना. अकरा काड्या संपल्या आणि पोळाही संपला.

कुंपणावरून गोपाळराव, अर्ध्या मिशीने, म्हणाले, "झोपा आता. उद्या सकाळी या मिरवणुकीत. तुमच्याबिगर रंगत नाही."

त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते, आणि तिच्यामागे बडगे: गावाला वर्षभर ज्याने ज्याने छळलं त्याचे पुतळे. शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात. त्या वर्षी काळ्याबाजाराचा बडग्या होता, महागाईचा होता, आणि सक्करदऱ्याच्या मंडळाचा होता आनंदराव निमजे. गवत भरलेला, चष्मा लावलेला, एका हातात बादली, डोक्यावर कुकर, आणि अंगात आनंदरावांचा प्रयोगशाळेतला खाकी कोट.

"माझा कोट कुठून आला?" आनंदरावांनी घरी विचारलं.

सिंधूताईंनी पदर दाताखाली धरला. "गोपाळराव म्हणले महागाईचा बडग्या करून राहिलो. म्हणून देलं. कुकरही देला. तसाही त्यात आता काय शिजते?"

आनंदराव घरात बसून राहिले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. पण माणसाचा पुतळा निघाल्यावर त्याने घरी बसणं म्हणजे पुतळा खरा आणि आपण खोटे, असं कबूल करणं. त्यांनी बाटली खिशात घातली, धोतराचा सोगा खोचला आणि स्वतःच्या बडग्यामागे स्वतः चालू लागले. रस्ताभर पोरं ओरडत होती, "शेवाळ्याले घेऊन जा गे मारबत!" आणि आनंदराव ताठ मानेने, स्वतःच्याच प्रेतयात्रेला आलेल्या मुख्य पाहुण्यासारखे, चालले होते. तुळसाबाई आणि सिंधूताईही मागून आल्या.

जाळायच्या जागी पोचेपर्यंत झिमझिम सुरू झाली. काळाबाजार कसाबसा जळला, कारण तो कोरड्यात आणला होता. आनंदराव मात्र चिंब. काडी लावली, विझली. कागद लावला, धुपला. "घासलेट आणा रे!" गोपाळराव ओरडले. घासलेट कुठून आणणार? रेशनच्या रांगेत महिनाभर जे मिळालं नाही ते बडग्याला कोण देणार? बडग्या न जळता परत नेणं म्हणजे गावाची पीडा परत घरी नेणं. शंभर माणसं भिजत उभी राहिली. गोपाळरावांचं अध्यक्षपण आणि उरलेली अर्धी मिशी, दोन्ही गळू लागले.

आनंदराव पुतळ्यापुढे आले. काल रात्री वात का विझली हे त्यांना आता स्वतःच्या त्या गवताच्या पोटाकडे पाहताना कळलं: एवढ्या दाट तेलाला बारीक वात पुरत नाही. त्यांनी कोटाची बटणं सोडली, पोटातलं कोरडं गवत वर ओढलं, बाटली उघडली आणि ते काळं तेल त्या गवताला सावकाश, चोळून चोळून लावलं.

"हे काय करून राहिले, आनंदराव?" गोपाळराव म्हणाले.

"स्वतःले जाळून राहिलो. काडी द्या."

"थांबा!" गर्दीतून सिंधूताई ओरडल्या. "कुकर माझ्या माहेरचा हाय! तो उतरवा आधी, मंग जाळा!"

कुकर उतरला. काडी लागली. आधी नुसता धूर, मग तलावाचा तो ओळखीचा वास, आणि मग पोटातून एक जाडजूड पिवळी ज्वाळा उठली. घासलेट पावसात वाहून गेलं असतं. हे चिकट तेल गवताला धरून बसलं आणि जळत राहिलं. कोट पेटला, बादलीचा हात पेटला, चष्मा तडकला. वरून पाऊस, खालून आनंदराव, आणि आनंदराव ऐकेनात. शंभर माणसं एकदम ओरडली. खऱ्या आनंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचं, असं ते आजही म्हणतात.

गर्दीच्या कडेला छत्रीखाली नातवाला घेऊन बक्षी सर उभे होते. नातवाच्या हातात दोरीने ओढायचा लाकडी नंदी. सर घसा साफ करून म्हणाले, "जळलं, हे खरं. पण निमजे, पैज पोळ्यापर्यंतची होती. पोळा काल झाला."

तुळसाबाई पुढे आली. "काहून? आज पोरायचा तान्हा पोळा नाही का? मंग ह्या लेकराच्या हातात काय हाय, बकरी?"

सरांनी नंदीकडे पाहिलं. मग नातवाचं बोट धरून, छत्री सावरत घरचा रस्ता धरला.

त्यानंतरच्या सोमवारी वर्गात प्रात्यक्षिक होतं. बक्षी सरांनी काचेच्या नळकांड्यात दोन द्रव घालून जोरजोरात हलवले आणि ठेवले. थर दोन व्हायला हवे होते. मध्ये हा एवढा फेसाळ गोळा. पाच मिनिटं गेली, वीस गेली. चाळीस मुलं वहीत बघत हसू दाबू लागली. सरांनी नळकांडं तिरपं केलं, गोंजारलं. कोपऱ्यात आनंदराव बाटली धूत होते. नवा खाकी कोट, इस्त्रीचा.

सरांनी न पाहता विचारलं, "निमजे?"

आनंदरावांनी बाटली खाली ठेवली, हात पुसले आणि प्रयोगशाळेत तोंड उघडलं.

"मीठ, सर. मूठभर. पण आमच्या बाई म्हणतात, टाकण्याआधी उतरवून घ्या."

सरांनी मीठ घेतलं. त्यांची मूठ नळकांड्याभोवती फिरली की नुसती थरथरली, यावर त्या वर्गातल्या मुलांत अजून वाद आहे. थर मात्र दोन झाले.